मुलींच्या शालेय हॉकी संघाचा मोसम: मुरुमाच्या मैदानापासून टर्फपर्यंत

शालेय हॉकी बाद पद्धतीने खेळली जाते. जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्यात हरलं की त्या स्पर्धेपुरता खेळ संपला. म्हणजे जूनपासून घाम गाळलेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाला अधिकृत सामना कधी कधी एकच मिळतो. आणि कमी संघ असलेल्या जिल्ह्यात बाय (न खेळताच पुढची फेरी) मिळत मिळत संघ थेट विभागावर जातो, तिथे पहिल्यांदाच तगडा प्रतिस्पर्धी समोर येतो आणि मुलींच्या तोंडचं पाणी पळतं. सराव कमी पडला म्हणून असं होतं, हे अर्धंच खरं. सामने कमी पडलेले असतात. तेव्हा मुलींचा संघ चालवायचा तर सामने मिळवणं, ते नीट खेळवणं आणि प्रत्येक सामन्यातून पुढच्या सरावाचा विषय काढणं, या तीन गोष्टींवर वर्ष उभं करा. कौशल्याचे व्यायाम सगळ्यांना माहीत असतात. इथे भर सामन्यांवर आहे.

जून-जुलै: कागद आणि सराव सामने

वर्षात दोन मोठ्या संधी असतात, नेहरू चषक आणि शालेय स्पर्धा. दोन्ही जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात आणि दोन्हींची वाट जिल्हा, विभाग, राज्य अशीच जाते. महापालिका क्षेत्राचा संघ बहुतेक ठिकाणी स्वतंत्र धरला जातो. नेहरू चषकात मुलींसाठी १७ वर्षांखालील गट असतो; तो साधारण पावसाळ्यातच उरकतो. शालेय स्पर्धेत १९ वर्षांखालील गटही असतो, तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलींना वाऱ्यावर सोडू नका. हॉकीला तालुका पातळी सहसा नसते, थेट जिल्ह्यालाच उतरावं लागतं.

शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मुलीची फाइल तयार करा: जन्मदाखला, आधार, पहिलीच्या प्रवेशाचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल), बोनाफाइड, चार-सहा फोटो, पालकांचं संमतीपत्र. निर्गम उतारा सगळ्यात जास्त छळतो. मुलगी पहिलीला दुसऱ्या गावच्या शाळेत असेल तर तो आणायला पालकांना तिथवर जावं लागतं, आणि ऑगस्टमध्ये ऐन वेळी सांगितलं तर तो येत नाही. आधारवरच्या आणि शाळेच्या रजिस्टरमधल्या नावात एका अक्षराचा फरक असेल तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या. जन्मतारखेची अट त्या वर्षीच्या परिपत्रकातच बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. मुलींच्या संघाबरोबर महिला शिक्षिका लागते. तिचं नाव आणि रजा मुख्याध्यापकांकडून आधीच पक्की करा, नाहीतर निघायच्या आदल्या दिवशी शाळेत धावपळ होते.

जिल्हा स्पर्धेआधी किमान आठ सराव सामने झाले पाहिजेत. समोर संघच नाही, ही नेहमीची अडचण. त्यावर उपाय असे: स्वतःच्याच शाळेतली १४ वर्षांखालील मुलं, शेजारच्या कॉलेजच्या मुली, जवळच्या जिल्ह्यातली एखादी शाळा, माजी विद्यार्थिनी. मुलांशी खेळताना एक अट ठेवा, डी मध्ये (गोलसमोरच्या अर्धगोल आखलेल्या जागेत) जोरात हिट नाही, फक्त पुश (स्टिक चेंडूला चिकटवून ढकलणं). मुलींना वेगाची सवय होते आणि दुखापत टळते. अकरा जणी जमल्या नाहीत तर अर्ध्या मैदानावर सहा-सहाचा सामना लावा. एका मुलीच्या स्टिकला चेंडू किती वेळा लागतो हे पाहिलं तर लहान सामना मोठ्यापेक्षा फायद्याचा ठरतो. मात्र आठातले निदान चार सामने पूर्ण मैदानावर आणि शिट्टी वाजवणारे दोन पंच घेऊनच खेळा. पंच नसलेल्या सामन्यात मुलींना चेंडू पायाला लागू देण्याची, पाठ फिरवून अडवण्याची वाईट सवय लागते आणि ती जिल्ह्यात पेनल्टी कॉर्नरच्या (डी मधल्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी) रूपाने अंगावर येते.

मैदान आखणं

आखलेलं मैदान नसेल तर सराव सामना फुकट जातो, कारण मुलींना डी कुठे संपतो हे डोळ्यांनी कळावं लागतं. पूर्ण मैदान ९१.४० बाय ५५ मीटर. तेवढी जागा नसेल तर लांबी-रुंदी कमी करा, पण डी कधीही लहान करू नका.

डी आखायला दोन मुली, एक खुंटी, न ताणणारी दोरी आणि फक्की पुरते. गोलची रुंदी खांबांच्या आतल्या बाजूंमध्ये ३.६६ मीटर. एका खांबाच्या आतल्या पुढच्या कोपऱ्यावर खुंटी धरा, १४.६३ मीटर दोरी ताणून बॅकलाइनपासून (गोल जिच्यावर असतो ती मैदानाच्या टोकाची रेषा) गोलच्या समोरपर्यंत पाव वर्तुळ काढा. दुसऱ्या खांबावरून तसंच. मग दोन्ही पाव वर्तुळांची वरची टोकं ३.६६ मीटरच्या सरळ रेषेने जोडा. लोक इथे चुकतात: गोलच्या मधोमध खुंटी ठोकून एकच अर्धवर्तुळ काढतात. त्याने डी बाजूंना जवळजवळ दोन मीटरने आक्रसतो. दोरीचं माप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायचं, कारण रेषा डी चाच भाग आहे. त्याच खुंटीवरून १९.६३ मीटरची तुटक रेषाही काढा, म्हणजे डी च्या बाहेरचे ५ मीटर मुलींना दिसतील. बॅकलाइनवर खांबापासून १० मीटरवर खूण करा, पेनल्टी कॉर्नरचा पुश तिथून होतो. बॅकलाइनपासून २२.९० मीटरवरची रेषा, जिला सगळे अजून पंचवीसची लाइन म्हणतात, तीही हवीच (पुढे २३ मीटरची रेषा म्हटलंय ती हीच). फ्री हिटचे आणि लाँग कॉर्नरचे (बचाव करणाऱ्यांकडून चुकून चेंडू बॅकलाइनबाहेर गेला की मिळतो तो) नियम तिच्यावर चालतात.

पावसाळ्यात मुरुमावर पाणी साचलं तर फक्की वाहून जाते. तेव्हा कोपऱ्यांवर आणि डी च्या टोकांवर जमिनीला समतल ठोकलेले प्लास्टिकचे तुकडे राहू द्या, पुन्हा आखायला दहा मिनिटं लागतात. वर आलेली खडी सामन्याआधी सगळ्या संघाने ओळीत चालत वेचायची. डी मधली आधी, कारण गोलीच्या (गोलकीपरच्या) तोंडासमोर चेंडू उसळतो तो तिथेच.

स्टिक, शिनगार्ड, कपडे

स्टिकची लांबी ठरवायला सोपी रीत: स्टिक पायाशेजारी उभी धरली की मुठीचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं. शाळेत एकाच मापाच्या डझनभर स्टिक घेतल्या जातात आणि सहावी-सातवीची मुलगी साडेछत्तीस इंची स्टिक घेऊन खेळते. ती वाकत नाही, कोपर बाहेर काढून मारते, हिट उचलली जाते. ३४ ते ३६.५ इंचांपर्यंत मिश्र मापं मागवा. जालंधर आणि मेरठच्या कारखान्यांच्या साध्या लाकडी किंवा थोड्या कार्बनच्या स्टिक मुरुमासाठी पुरतात. महागडी कार्बनची स्टिक खडीवर महिन्याभरात कडेने सोलते. ती घ्यायची असेल तर टर्फवरच्या (कृत्रिम गवताच्या मैदानावरच्या) सामन्यांसाठी राखून ठेवा. फार खोल बाकाची स्टिक ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन उचलून मारणं) शिकणाऱ्या मुलीलाच द्या. बाकीच्यांचा चेंडू तिने विनाकारण उडतो.

शिनगार्ड आणि माउथगार्ड सराव सामन्यातही सक्तीचे. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. तसाच घातला तर सैल बसतो, बोलता येत नाही म्हणून मुली तो मोज्यात खोचून ठेवतात. बसवून द्या, म्हणजे तो तोंडात राहील.

गोलीचं सामान पूर्ण हवं: हेल्मेट, छातीचं पॅड, पायांचे पॅड, किकर (बुटांवर बांधायचे), दोन्ही हातांचे गार्ड, आणि मुलींसाठीचा पेल्विक गार्ड. हेल्मेटची जाळी वाकलेली असेल तर ते बाद करा. पॅड मोठे असतील तर गुडघ्याच्या वर येतात आणि तिला वाकता येत नाही. पट्टे घट्ट करून हा प्रश्न सुटत नाही, छोट्या मापाचेच लागतात. घामाने भिजलेलं सामान पिशवीत बंद ठेवू नका, वास येतो आणि फोम सडतो. सरावानंतर वऱ्हांड्यात पसरून ठेवायचं.

कपड्यांबाबत स्पष्ट बोला. गडद रंगाची हाफ पँट किंवा स्कर्ट, आत सायकलिंग शॉर्ट्स, आणि पांढरा खालचा कपडा नको. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्याच्या भीतीनेच मुली सामना चुकवतात. संघाच्या पेटीत सॅनिटरी पॅड, जादा शॉर्ट्स आणि गडद टॉवेल कायम ठेवा आणि ते कुठे आहेत हे शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगावं, म्हणजे मागावं लागत नाही. खेळायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं. केस घट्ट बांधलेले, आकडे-पिना नाहीत; कानातले, पैंजण, बांगड्या पंच काढायला लावतातच, तेव्हा घरीच ठेवून या. सतत धाप लागणारी, चक्कर येणारी, फिकट दिसणारी मुलगी आळशी समजू नका, तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मांडणी आणि बदली खेळाडू

शाळांत अजूनही दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड अशी जुनी मांडणी दिसते. मुलींच्या सामन्यात तिचा त्रास असा होतो की पाचही फॉरवर्ड समोर डी च्या आसपास उभ्या राहतात, चेंडू गेला की परत येत नाहीत, आणि हाफ व फॉरवर्ड यांच्यात ३० मीटरचं मोकळं रान पडतं. मांडणी मोडायची गरज नाही. दोन्ही इनना (सेंटर फॉरवर्डच्या लगतच्या दोन फॉरवर्डना) पंधरा पावलं मागे ओढा. दोन बॅक, तीन हाफ, दोन इन, पुढे तिघी: दोन आउट (कडेच्या फॉरवर्ड) आणि सेंटर फॉरवर्ड. इनला एकच नियम सांगा: चेंडू आपल्या अर्ध्यात असेल तर तू सेंटर हाफच्या बाजूला दिसली पाहिजेस. सगळ्यात समजूतदार मुलगी सेंटर हाफ. सगळ्यात वेगवान मुलगी राइट आउटला, कारण उजव्या बाजूने चेंडू स्टिकच्या सरळ तोंडावर ठेवून पळता येतं.

बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. हा नियम शालेय संघ वापरतच नाहीत, दमलेली मुलगी शेवटच्या मिनिटापर्यंत आत ठेवतात. हिशेब मांडून बघा. १५ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये पुढच्या तीन जागांची मिळून ४५ मिनिटं होतात. पाच फॉरवर्ड असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ९ मिनिटं येतात. तीन मिनिटं बाहेर बसलेली मुलगी परत आली की पुन्हा पळते; सलग १५ मिनिटं पळालेली मुलगी दहाव्या मिनिटानंतर टॅकलला हात घालते, शरीर नेत नाही. हाफमध्ये एक-दोन बदल, बॅकना गरजेपुरता.

बदल मध्यरेषेपासून ३ मीटरच्या आत होतो. बाहेर येणारी पूर्ण बाहेर आली की मगच आत जायचं. घड्याळ त्यासाठी थांबत नाही, तेव्हा बाहेर येणारीने पळत यायचं, चालत नाही. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदल करता येत नाही. अपवाद फक्त जखमी किंवा कार्ड मिळून बाहेर गेलेल्या गोलीचा. म्हणून ज्या मुली कॉर्नर खेळतात त्यांपैकी दोघींपेक्षा जास्त जणी एकाच वेळी बाकावर नकोत.

पेनल्टी कॉर्नर

या वयात मैदानी गोल मोजके होतात. मुरुमावर चेंडू उसळतो, डी मध्ये गर्दी होते, पायाला लागतो आणि शिट्टी वाजते. सामना बहुतेक वेळा कॉर्नरवरच फिरतो, तरी सरावाची शेवटची दहा मिनिटं त्याला मिळतात. दर सरावात अर्धा तास द्या, आणि तोही मुली ताज्या असताना.

खांबापासून १० मीटरच्या खुणेवरून डी च्या टोकापर्यंत चेंडूला सुमारे १९ मीटर जावं लागतं. मुरुमावर हा पुशच सगळ्यात अवघड. मुली हाताने ढकलतात, चेंडू बारा-तेरा मीटरवर मरतो. नीट पुश असा: एक पाय बॅकलाइनच्या बाहेर (तो राहिलाच पाहिजे), दुसरा पुढे टाकलेला, गुडघे खोल वाकलेले, चेंडू मागच्या पायाजवळ, स्टिक चेंडूला चिकटलेली, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणत चेंडू ओढत न्यायचा आणि शेवटी मनगटाने सोडायचा. स्टिक उचलून टोला मारला तर चेंडू उड्या मारत जातो आणि पुढची मुलगी तो थांबवूच शकत नाही. दोन मुली पुशर म्हणून तयार करा, रोज तीस-तीस पुश.

आता थांबवणारी. चेंडू डी च्या बाहेर गेल्याशिवाय गोल धरला जात नाही. घाईत मुली रेषेवरच चेंडू घेतात, मारतात, जाळीत जातो, सगळे नाचतात आणि पंच नाकारतात. रेषेच्या बाहेर हातभर अंतरावर खूण करून तिथेच थांबवायची सवय लावा. टर्फवर स्टिक आडवी जमिनीला टेकवून चेंडू अडवता येतो; मुरुमावर आडव्या स्टिकवरून तो उसळून जातो, तिथे स्टिक जास्त उभी, तोंड किंचित पुढे झुकलेलं, उजवा हात खाली सैल. हाताची मूठ आवळली की चेंडू स्टिकवरून मागे उडतो. थांबवणारी आणि मारणारी यांची जोडी बदलू नका.

पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या आत, म्हणजे फळीच्या उंचीत हवा. जोर लावणाऱ्या मुलीची हिट यापेक्षा वर जाते आणि गोल बाद होतो. फ्लिक किंवा पुशला ती मर्यादा नाही, पण धोकादायक नको. मुरुमावर ड्रॅग फ्लिकच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तीनच चाली पक्क्या करा: थांबवून सरळ सपाट हिट, थांबवून उजवीकडे दोन मीटर सरकवणं आणि तिथून मार, आणि हिटचा आव आणून पुशरला परत पास, तिने खांबाजवळ फक्त स्टिक लावायची. खुणेचा शब्द साधा ठेवा, मराठी असला तरी चालेल, पण समोरच्या संघाला कळेल असा नको. उसळलेल्या चेंडूवर झेपावायला दोघी गोलीच्या पुढे ठेवा.

बचावाला गोली धरून पाच जणी बॅकलाइनच्या मागे, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चौघींत एक पहिली धावणारी, दुसरी तिच्या मागे थोडी बाजूला, तिसरी गोलीच्या डाव्या खांबावर, चौथी उजव्या बाजूला. पहिल्या धावणारीला मास्क, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड द्या. हे नसेल तर कुणालाही सरळ चेंडूवर धावायला लावू नका. तिची धाव अशी असते की स्टिक चेंडूच्या रेषेत आणि शरीर रेषेच्या डाव्या बाजूला राहतं. शरीर रेषेत गेलं की दोन गोष्टी होतात. फटका लागतो, आणि पाच मीटरच्या आत गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा कॉर्नर मिळतो. मास्क आणि पॅड कॉर्नर संपल्यावर लगेच, २३ मीटरच्या पट्ट्याच्या आतच काढायचे असतात. ते गोलमागे टाकायचे, मैदानात नाही.

पुश होण्याआधी धावलेली बचावपटू मध्यरेषेपलीकडे पाठवली जाते, तिच्या जागी दुसरी येत नाही. म्हणजे घाबरून आधी पळालेल्या एका मुलीमुळे चौघींच्या तिघी होतात. सरावात शिक्षकाने मुद्दाम पुशचा आव आणावा आणि जी हलेल तिला बाहेर काढावं. आठवड्याभरात पाय जागेवर थांबतात.

इतर हिट ज्यांत सामने जातात

प्रतिस्पर्ध्याने चेंडू बॅकलाइनबाहेर घालवला की बचावाची हिट, जिला अजून सिक्स्टीन म्हणतात. मुलींच्या सामन्यात सगळ्यात स्वस्तात दिलेले गोल इथून येतात, कारण बॅक समोरून सरळ मधे मारते, चेंडू समोरच्या सेंटर फॉरवर्डला लागतो आणि ती एकटी गोलीसमोर असते. नियम एकच ठेवा: आपल्या डी समोरून चेंडू आडवा कधीही न्यायचा नाही. हिट बाजूच्या रेषेकडे, त्या बाजूची इन खाली येऊन घेईल. जागाच नसेल तर सेल्फ पास घेऊन (दुसरीला न देता चेंडू स्वतःच पुढे नेऊन) दोन पावलं बाहेर जा आणि मग मारा.

समोरच्या २३ मीटरच्या पट्ट्यात फ्री हिट मिळाली तर चेंडू सरळ डी मध्ये मारता येत नाही; तो आधी ५ मीटर फिरला पाहिजे किंवा बचावातल्या कुणाला तरी लागला पाहिजे. ही फ्री हिट पटकन सेल्फ पासने घ्या, समोरच्या मुली ५ मीटर मागे जाईपर्यंत तुमची मुलगी पुढे गेलेली असेल. लाँग कॉर्नर आता कोपऱ्यातून नाही, चेंडू जिथून बाहेर गेला त्याच्या सरळ रेषेत २३ मीटरच्या लाइनवरून घेतात. हे अजून काही मुलींना माहीत नसतं आणि त्या कोपऱ्याकडे पळत सुटतात.

बरोबरी झाली तर निकाल शूटआउटवर (एकटी मुलगी चेंडू घेऊन गोलीवर जाते) की स्ट्रोकवर (गोलसमोरच्या ठरलेल्या जागेवरून एकच फटका), हे मॅनेजर्स मीटिंगमध्येच (संघांच्या व्यवस्थापकांची बैठक) विचारून घ्या. शूटआउटमध्ये २३ मीटरच्या रेषेवरून ८ सेकंद मिळतात. मुरुमावर आठ सेकंदांत दोन वळणं होत नाहीत. गोलीच्या उजवीकडे एकदाच ओढून मारायचं एवढंच शिकवा. पाच मुलींची यादी आदल्या दिवशीच ठरलेली असावी.

सामन्याचा दिवस

मॅनेजर्स मीटिंगला विचारायचं ते असं: सामन्याची वेळ किती (पूर्ण खेळ १५ मिनिटांचे चार क्वार्टर असला तरी जिल्ह्याला तो बहुधा कमी केलेला असतो), बाकावर किती खेळाडू, जर्सीचा रंग सारखा आला तर कोण बदलणार, चेंडू कोणाचा.

सामन्याच्या तीन तास आधी पोळी-भाजी, पोहे किंवा वरण-भात. एक तास आधी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. स्पर्धेच्या बाहेरचा वडापाव सामना संपल्यावर. पाण्यासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. प्रत्येकीची बाटली वेगळी, नाव लिहिलेली.

वॉर्मअप पंचवीस मिनिटं. पाच मिनिटं धाव, पाच मिनिटं सांधे मोकळे करणं, पाच मिनिटं जोडीने पुश आणि ट्रॅप (चेंडू थांबवणं), पाच मिनिटं गोलीवर शॉट, शेवटची पाच कॉर्नर. गोलीला थेट जोरदार शॉट आधी मारू नका; पायाला मग हाताला असे सोपे वीस चेंडू, नंतर वेग.

क्वार्टरच्या मध्ये दोन मिनिटं मिळतात. पहिला एक मिनिट मुलींना पाणी आणि श्वास, शिक्षकाने गप्प राहायचं. मग दोनच सूचना, त्याही नाव घेऊन: 'साक्षी, इनला खाली घे. आरती, त्यांची आठ नंबर तुझी.' ओरडून दहा गोष्टी सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. पंचांशी फक्त कॅप्टनने बोलायचं. चार जणी पंचाभोवती गेल्या की हिरवं कार्ड येतं आणि संघ दोन मिनिटं दहा जणींनी खेळतो. पिवळ्याला किमान पाच.

प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फ, क्रेप बँडेज, जंतुनाशक, कापूस, चिकटपट्टी. रक्त येत असेल तर मुलीला बाहेर यावंच लागतं. डोक्याला लागलं आणि ती गोंधळलेली वाटली, तर ती कितीही म्हणाली तरी त्या दिवशी परत आत नाही. दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचा.

विभाग आणि राज्य: टर्फवर पहिल्यांदा

मुरुमावर वाढलेल्या मुली टर्फवर गेल्या की पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी होतात: चेंडू स्टिकखालून निसटतो, आणि पास दोन मीटर पुढे निघून जातो. मुरुमावर चेंडू उसळतो म्हणून ट्रॅपला स्टिक उभी असते. टर्फवर तो जमिनीला घासत येतो, स्टिक खाली आणावी लागते आणि त्यासाठी गुडघे वाकवावे लागतात. मुरुमावर पास स्टिकवर द्यायचा, टर्फवर पुढच्या मोकळ्या जागेत. हिटसाठी स्टिक मागे नेणं अर्धं करा, वेग टर्फ देतं.

म्हणून विभागाआधी एकदा तरी टर्फवर नेऊन आणा. पुण्यात बालेवाडी, पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, मुंबईत चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम; आपल्या भागात जवळ काय आहे ते जिल्हा कार्यालयात विचारा. दोन तास मिळाले तर पहिला तास फक्त २० मीटरवरून पुश-ट्रॅप आणि कॉर्नरचा पुश, दुसरा तास सामना. टर्फ ओलं करूनच खेळायचं असतं; कोरड्या टर्फवर चेंडू अडखळतो आणि पडलं की कातडी सोलते. बुटांना बारीक रबरी दाणे हवेत, फुटबॉलचे मोठे स्टड चालत नाहीत. नवे बूट थेट सामन्याला घालू नका.

फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे भारताच्या जर्सीपर्यंत पोहोचल्या, हे गावाकडच्या मुलींना आवर्जून सांगा. राज्य स्पर्धेत निवड समिती आणि क्रीडा प्रबोधिनीचे (सरकारी निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्र) प्रशिक्षक बघत असतात. हरलेल्या संघातली मुलगीही निवडली जाते, तेव्हा तीन गोलने मागे असतानाही प्रत्येकीला आपल्या जागेवर नीट खेळायला सांगा.

नोंद आणि सामन्यानंतर

बाकावरच्या एका मुलीच्या हाती वही द्या. चार रकाने पुरे: आपण डी मध्ये किती वेळा शिरलो, त्या किती वेळा शिरल्या, दोघांचे कॉर्नर किती आणि त्यांचं काय झालं, चेंडू कुठे गमावला (मैदानाचे सहा चौकोन करून फक्त खूण). डी मध्ये बारा वेळा शिरून कॉर्नर एकच मिळाला असेल तर मुली डी च्या टोकावरूनच मारत आहेत, बचावपटूच्या अंगावर जात नाहीत. पुढचा आठवडा त्यावर. समोरच्यांचे कॉर्नर आपल्या डाव्या बाजूकडून जास्त येत असतील तर लेफ्ट हाफ उलट्या स्टिकने टॅकल करते आहे, तिला पाय हलवायला शिकवा.

सामना संपल्यावर दहा मिनिटं चालणं, पाणी, तासाभरात जेवण. चुकांची चर्चा त्याच संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी वही उघडून.

सप्टेंबरमध्येच बाहेर पडलात तरी सामने थांबवू नका. हॉकी महाराष्ट्रच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर निवड चाचण्या, डिसेंबर-जानेवारीतल्या क्लबच्या स्पर्धा, आंतरशालेय मैत्रीपूर्ण सामने यांत महिन्याला दोन सामने बसतात. प्रमाणपत्रं जिल्हा कार्यालयातून लगेच आणा, नाव आणि जन्मतारीख तिथेच तपासा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव त्यांच्यावरच जातो आणि एक चुकलेलं अक्षर दुरुस्त करायला फेब्रुवारीत वेळ नसतो. दहावीच्या मुली जाण्याआधी त्यांच्या जागा बघून घ्या. फॉरवर्ड कुठूनही मिळते, पण पुढच्या वर्षीची गोली आणि पुशर आत्ताच आठवीतून निवडा आणि जानेवारीपासून त्यांना पॅड बांधायला, पुश मारायला लावा.